शू आणि बूट

माझ्या नोकरीनिमित्त आम्ही तिघे ऑगस्टमध्ये पुण्याहून जर्मनीतल्या श्टुटगार्टला आलो, तेव्हा मुलगी सव्वातीन वर्षांची होती आणि तिला मराठीखेरीज दुसरी कोणतीही भाषा येत नव्हती. माझ्या ब्लू कार्डाचे, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवासपरवान्याचे, सोपस्कार कंपनीच्या वकिलांनी पाहिले. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मन भाषेची परीक्षा न देता येता येते आणि आल्यावर नोकरीही करता येते, त्यामुळे नवऱ्याचा व्हिसाही अडला नाही. कंपनी नोकरदाराला आणते, बिऱ्हाड मात्र ज्याचे त्याने हलवायचे असते, हे इथे उतरल्यावर कळले.

घरमालक तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि ‘शूफा’ नावाचा पतदाखला मागतात, आणि नव्याने आलेल्या माणसाकडे दोन्ही नसतात. पत्त्याची नोंदणी करायला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो आणि त्या नोंदणीनंतरच करक्रमांक टपालाने घरी येतो. तात्पुरत्या जागेच्या मालकाने सहीची टाळाटाळ केल्यामुळे माझा पहिला पगार सर्वात चढ्या दराने कर कापूनच हाती पडला. नोव्हेंबरात एकदाचे घर मिळाले, तर स्वयंपाकघरात ओटा, बेसिन, शेगडी यांपैकी काहीच नव्हते. आधीचा भाडेकरू सगळे उचकटून घेऊन गेला होता, आणि ही इथली सर्रास रीत आहे. दहा दिवस आम्ही एका इंडक्शनवर वरणभात केला आणि भांडी न्हाणीघरात घासली.

दुसऱ्याच आठवड्यात दाराला ‘केरवोखे’ अशी पाटी लटकलेली दिसली. श्वाबेन भागातल्या प्रथेप्रमाणे त्या आठवड्यात जिना झाडण्यापुसण्याची पाळी आमची होती. त्या पाटीतला ‘केर’ तेवढा आम्हाला शब्दकोशाशिवाय समजला.

किटा, म्हणजे इथली बालवाडी, हे प्रकरण सर्वात लांबले. वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला २०१३ पासून कायद्याने जागेचा हक्क आहे, पण शिक्षकांचा तुटवडा असल्यामुळे हक्क आणि प्रत्यक्ष जागा यांच्यात बरेच महिने जातात. शिवाय मार्च २०२० पासून गोवराच्या लशीचा पुरावा दिल्याविना प्रवेश मिळत नाही. पुण्यातल्या डॉक्टरांचे अक्षर इथल्या बालरोगतज्ज्ञांनी चष्मा वरखाली करत लावले आणि दोन्ही डोस पिवळ्या पुस्तिकेत उतरवून दिले.

फेब्रुवारीत जागा मिळाली आणि ‘आइनगेव्योनुंग’, म्हणजे मूल रुळवण्याचा काळ, सुरू झाला. पहिले तीन दिवस आईने किंवा बाबाने तासभर वर्गात नुसते बसून राहायचे, चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जाऊन पाहायचे आणि मग मुलाच्या कलाने ती वेळ वाढवत न्यायची. माझी नोकरी नवी असल्यामुळे गुडघ्याएवढ्या खुर्चीवर पाच आठवडे नवरा बसला. पुण्यात प्लेग्रुपच्या फाटकाशी रडणारे मूल आत घेऊन ‘पाच मिनिटांत शांत होईल, तुम्ही निघा’ असे सांगण्याची पद्धत आम्ही पाहिलेली होती, त्यामुळे मला हे सुरुवातीला फाजील लाड वाटले. आता तसे वाटत नाही, जरी त्या पाच आठवड्यांत नवऱ्याच्या दोन मुलाखती हुकल्या, हेही खरे आहे.

तिसऱ्या आठवड्यात नवरा शेजारच्या खोलीत बसलेला असताना मुलगी बाईंना ‘शू’ म्हणाली. बाईंनी तिचे बूट आणून दिले. ती पुन्हा, जरा जोरात, ‘शू’ म्हणाली, तेव्हा त्यांनी बूट स्वतः पायात चढवले, बंद लावले, मूल बागेत जायची घाई करते आहे असे समजून जाकीट आणि टोपीही घातली आणि तिला बाहेर नेले. व्हायचे ते तिथे, घसरगुंडीच्या पायथ्याशी झाले. जर्मनमध्ये बुटाला ‘शू’च म्हणतात, हे नवऱ्याच्या ओले कपडे बदलताना लक्षात आले.

त्या रात्री त्याने पाणी, भूक, नको, दुखतंय अशा बारा शब्दांची यादी जर्मन अर्थांसह लिहिली आणि ‘शू’खाली तांबड्या शाईने दोन रेघा मारल्या. बाईंनी ती कपाटावर चिकटवली.

मे महिन्यात व्हिडिओ कॉलवर मुलगी आपले नवे बूट कॅमेऱ्यापुढे नाचवत होती. ते दाखवून झाल्यावर तिने विचारले, “आजी, तुझी शू कुठंय?”

“अगं, असं विचारतात का आजीला!” सासूबाई म्हणाल्या.