नव्वद टक्के झालंय

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या साइटवर मी प्लॅनिंग इंजिनिअर होतो. दर शनिवारी शेड्यूल अपडेट करायचं, हे माझं काम. सुपरवायझर फोनवर टक्के सांगायचे, मी ऑफिसात बसून भरायचो.

मे महिन्यातला एक शनिवार. चौदाव्या मजल्याचा स्लॅब ‘नव्वद टक्के’. मागच्या शनिवारीही नव्वदच होता. हेल्मेट घातलं आणि वर गेलो.

शटरिंग पूर्ण होतं, सळ्यांची जाळी बांधून झाली होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, उद्या काँक्रीट. पण विजेचे पाईप अर्ध्याच भागात टाकलेले. लग्नसराईमुळे इलेक्ट्रिकची निम्मी माणसं गावी गेली होती. एक वयस्कर फिटर उन्हात उकिडवा बसून फॅनबॉक्सभोवती बाइंडिंग वायर पिळत होता. मी टक्के विचारलेच नाहीत. म्हटलं, “मामा, अजून किती दिवस?”

त्याने मान वर करून उरलेले बॉक्स बोटाने मोजले. “पाच दिवस, साहेब. माणसं आली तर तीन.”

टक्के विचारले की माणूस झालेलं काम मोजतो. दिवस विचारले की राहिलेलं. शेड्यूलला राहिलेलंच हवं असतं.

मग ठरवलं, आज शेड्यूलची एकेक ओळ जागेवर जाऊन बघायची. संध्याकाळी सोसायटीच्या कमिटीची मीटिंग होती आणि तिथे तारीख सांगायची होती.

तळमजल्यावर सबस्टेशनच्या खोलीचं काम शेड्यूलप्रमाणे अठ्ठावन्न दिवसांपूर्वी सुरू व्हायला हवं होतं. दार ढकललं, तर आत छतापर्यंत सिमेंटच्या गोण्या आणि शटरिंगच्या प्लेटा. मी दर आठवड्याला त्या ओळीवर शून्य टक्के भरत होतो आणि पुढे जात होतो. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या शेड्यूलच्या सॉफ्टवेअरमध्ये न झालेलं काम आपणहून पुढे सरकत नाही. आपण सरकवेपर्यंत त्याची पट्टी तशीच उलटून गेलेल्या तारखांवर पडून राहते. त्यामुळे त्या ओळीपुढे चाळीस दिवसांचा फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलता काम लांबू शकेल एवढी सवड, अजूनही शाबूत दिसत होता.

ऑफिसात येऊन आजची स्टेटस डेट, म्हणजे काम कुठवर आलंय ते मोजायची तारीख, टाकली आणि राहिलेलं सगळं काम तिच्या पुढे ढकललं. फ्लोट उणे अठरा झाला. ज्या कामांवर शेवटची तारीख ठरते ती दाखवणारी लाल रेष स्लॅबवरून उडून थेट त्या खोलीवर आली. खोली तयार झाल्याशिवाय वीज कंपनी ट्रान्सफॉर्मर बसवणार नाही. कायमची वीज नाही, तर लिफ्टची आणि आगीच्या पंपांची चाचणी अडते. त्यांच्याशिवाय ओसी, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला, नाही, आणि ओसीशिवाय लोकांना ताबा नाही. स्लॅबचे पाच दिवस पुढच्या मजल्यांवर भरून काढता आले असते. हे अठरा नव्हते येणार.

प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, “आज जुनाच प्रिंट दाखव. लोक उगाच घाबरतील. पुढे बेसलाइन, म्हणजे सुरुवातीला ठरवलेलं मूळ शेड्यूलच, बदलून घेऊ.”

“सर, बेसलाइनला हात नको लावूया,” मी म्हटलं. “ती बदलली की आपण किती मागे पडलो ते कुणालाच कळणार नाही. आणि ही माणसं भाड्याच्या घरात राहतात. आपल्या तारखेवर करार करतात.”

ते बराच वेळ त्या उणे अठराकडे बघत राहिले. मग फोन उचलून स्टोअरवाल्याला म्हणाले, “सोमवारी ती खोली मोकळी पाहिजे.”

मीटिंगमध्ये मी आहे ते सांगितलं: अठरा दिवस मागे आहोत आणि ते या खोलीमुळे. थोडा आवाज चढला, चढणारच होता. मग मागून एक काकू उठल्या. “पुढच्या महिन्यात भाड्याचा नवा करार करतेय. अकरा महिन्यांचा पुरेल का?”

“नाही पुरणार, काकू. वर एक महिना मागून घ्या.”

त्यांनी पर्समधून छोटी डायरी काढली आणि लिहून घेतलं. जुनी तारीख सांगितली असती, तर ताबा मिळायच्या आत त्यांच्यावर सामान हलवायची वेळ आली असती.

सोमवारी सकाळी साडेनऊला पहिली गोणी खोलीबाहेर आली. दुपारपर्यंत भिंती दिसायला लागल्या आणि गवंड्याने दोरी लावली. मी तिथेच उभं राहून वहीत प्रत्यक्ष सुरुवातीची तारीख लिहिली. मग त्याला विचारलं, “किती दिवस?”