तुम्ही विचारलंत म्हणून : घरात प्लास्टिकच्या खुर्च्या का?

गेली आठ-नऊ वर्षं घरी येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस हे विचारतं. गिऱ्हाईक येतं, दिवाणखान्यातल्या सागवानी खुर्च्यांवरून हात फिरवतं, पॉलिश कुठलं ते विचारतं, आणि गॅलरीच्या दारापाशी थबकतं. तिथे चार प्लास्टिकच्या खुर्च्या. दोन मरून, दोन पांढऱ्या. "मॅडम, तुमच्या घरी ह्या?" विद्यार्थी जरा भीतभीत विचारतात. आत्या सरळ विचारते, "स्वतः खुर्च्या करतेस आणि आईला हे डबडं?"

आजवर मी तीन उत्तरं दिली. पाहुण्यांसाठी ठेवल्यात. गच्चीवरच्या बारशाच्या राहिल्यात. कामाच्या मावशींना बसायला लागतात. तिन्ही खोटी आहेत, आणि तिसरं नुसतं खोटं नाही, हलकटपणाचं आहे. म्हणून आता एकदाच नीट सांगते.

पण आधी थोडं भांडणार आहे.

ज्या खुर्चीकडे बघून तुम्ही नाक मुरडता, तिचं घराणं एकदा बघा. आख्खी खुर्ची एका साच्यातून अखंड काढायची, जोड नाही, स्क्रू नाही, खिळा नाही, या एका गोष्टीने गेल्या शतकातल्या भल्याभल्यांना झपाटलं होतं. इटलीत ज्यो कोलंबोने १९६५ च्या सुमाराला कार्टेल या फर्निचर कंपनीसाठी प्लास्टिकची खुर्ची केली, पण पाय वेगळे लावावे लागत. जर्मनीच्या हेल्मुट बेट्झनरने १९६६ मध्ये फायबरग्लास घातलेल्या पॉलिएस्टरची अखंड खुर्ची दाबून काढली. व्हर्नर पँटनची लाटेसारखी वळलेली खुर्ची १९६७ ची, आणि ती पॉलिप्रॉपिलिनमध्ये, म्हणजे आपल्या स्वस्त खुर्च्यांच्याच प्लास्टिकमध्ये, यायला १९९९ उजाडलं. व्हीको माजिस्त्रेत्तीच्या १९६९ च्या 'सेलेने'त पायांचा छेद इंग्रजी एस अक्षरासारखा आहे, कारण पातळ पत्रा सरळ ठेवला तर वाकतो आणि वळवला की ताठ उभा राहतो. आपली पाचशे-सातशेची खुर्ची उलटी करा आणि पाय बघा. तीच युक्ती. पाय भरीव नसतो, पन्हळीसारखा वळवलेला असतो.

मग १९७२ मध्ये फ्रान्समध्ये आँरी मासोनेने 'फोतॉय ३००' काढली. एक खुर्ची दोन मिनिटांच्या आत तयार. पॉलिप्रॉपिलिनचे दाणे सुमारे २२० अंशांना वितळवायचे, दाबाने साच्यात सोडायचे, थंड झालं की बाहेर. साचा प्रचंड महाग, खुर्ची मात्र कवडीमोल. तिथून पुढे ती जगभर गेली, आणि ज्या दिवशी ती सगळ्यांना परवडायला लागली त्या दिवसापासून तिच्या घराण्याने तिला ओळख दाखवणं सोडलं. माझ्याच एका गिऱ्हाइकाकडे डायनिंगला फिलिप स्टार्क या फ्रेंच डिझायनरच्या सहा 'लुई घोस्ट' आहेत, २००२ च्या डिझाइनच्या, पारदर्शक. त्याही प्लास्टिकच्या, त्याही एका साच्यातून अखंड निघालेल्या. त्यांच्याबद्दल मला कुणी विचारत नाही.

बैठकीखाली मधोमध एक छोटी गोल, जराशी खरखरीत खूण असते. वितळलेलं प्लास्टिक साच्यात जिथून शिरलं, ती जागा. मी तिला बेंबी म्हणते. वर्गात खुर्ची उलटी करून दाखवली की पोरं त्यावर बोट ठेवून बघतात, आणि पुढचा तास मला फारसं बोलावं लागत नाही.

हे सगळं मी आज म्हणते. २०११ साली मी काय म्हणत होते तेही सांगायला हवं. तेव्हा एका कॉलेजात मी भाषण दिलं होतं. मंगल कार्यालयांमधून, देवळांच्या ओवऱ्यांमधून, वाड्यांच्या चौकांमधून या खुर्च्या हद्दपार करा, असं तावातावाने म्हटलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा दाखला दिला. शहराचं रूप बिघडतं म्हणून त्यांनी सार्वजनिक जागांवर या खुर्च्यांना बंदी घातली होती. टाळ्या पडल्या. ती बंदी २०१७ पर्यंत होती. आणि त्याच २०१७ मध्ये बाझलला खेटून, सीमेपलीकडच्या वाइल आम राइनला, व्हिट्रा डिझाइन म्युझियमने याच खुर्चीवर आख्खं प्रदर्शन भरवलं. 'मोनोब्लॉक'. म्हणजे साच्यातून अखंड निघालेली ही आपली खुर्ची.

प्रदर्शनाने माझं मत बदललं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. ते त्याआधी बदललं होतं, आणि ते सांगणं अवघड आहे.

२०१६ च्या नोव्हेंबरात एका मासिकाचे लोक घराचे फोटो काढायला येणार होते. माझ्यासाठी फार मोठी गोष्ट. तेव्हा पुण्यात धायरीच्या माझ्या वर्कशॉपमध्ये तीन मिस्त्री होते, डोक्यावर कर्ज होतं, आणि जिच्यावर माझा सगळा जीव होता ती एक खुर्ची होती. सागवानी, बिनहातांची, ठेंगणी, मागे कललेली, बैठक वेताच्या जाळीची. पाठीचा वाक साधायला मला चौदा नमुने करावे लागले होते. किंमत अठ्ठावीस हजार. फोटो तिचेच निघणार होते.

आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेले. गॅलरीत तिच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, बाबांनी तुळशीबागेतून आणलेल्या. आदल्या रात्री मी त्या गच्चीवर नेऊन ठेवल्या. सकाळी तिला म्हटलं, "आई, तू आतल्या खोलीत बस हं, दुपारपर्यंत होईल." ती म्हणाली, "चालेल की." आतल्या खोलीत पलंग होता आणि माझी एक खुर्ची होती.

साडेदहाला काम सुरू झालं. उजेड, पडदे, कुंडी डावीकडे, कुंडी उजवीकडे. दीड वाजता सगळे जेवायला बसले तेव्हा मी आत गेले.

आई माझ्या खुर्चीवर बसली होती. हात मांडीवर. चेहरा उतरलेला.

"किती वेळची बसलीयेस?"

"बसलेच आहे."

गोळी घेऊन अकराच्या सुमाराला ती टेकली होती. उठायला गेली तर उठता येईना. बैठक जमिनीपासून ३८ सेंटिमीटर, मागे उतार, हात नाहीत. पलंगाची कड हातभर लांब. दोनदा प्रयत्न केला, मग पडायची भीती वाटली म्हणून बसून राहिली. अडीच तास. बाथरूमला जायचं होतं, जाता आलं नाही. पातळ ओलं झालं होतं.

"हाक का नाही मारलीस?"

"तुमचं काम चाललं होतं ना. ते लोक काय म्हणाले असते." आणि मग माझ्याकडे न बघता, "वेत खराब झाला असेल गं."

मी तिला काखेत हात घालून उठवलं. उठवताना माझी नजर कुठे गेली ते मला माहीत आहे. वेताच्या जाळीवर. एक क्षण असेल, पण गेली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिला पातळ बदलून दिलं, पलंगावर बसवलं, बाहेर जाऊन लोकांना कोशिंबीर वाढली. चार वाजता ते गेले. मग गच्चीवरून दोन्ही खुर्च्या खाली आणल्या. आई गॅलरीत जाऊन तिच्या जागी बसली, आणि थोड्या वेळाने दोन्ही हातांवर भार देऊन आपणहून उठली. चहा टाकायला.

त्या संध्याकाळी मी टेप घेऊन बसले. बैठक ४३ सेंटिमीटर. हातांची उंची ६५. हात पुढे, बैठकीच्या कडेपर्यंत आलेले, म्हणजे उठताना तळवा जिथे पडायला हवा नेमका तिथेच. वजन अडीच किलोच्या आत. ही मापं बसवणाऱ्याचं नाव मला कधीच कळणार नाही. एका माणसाने ती बसवलीही नसतील. एका कारखान्याने दुसऱ्याची उचलली, दोन मिलिमीटर इकडेतिकडे केले, प्लास्टिक वाचवायला पाठीत भोकं वाढवली. शिकत असताना आम्हाला लोट्याचं उदाहरण द्यायचे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ च्या भारताबद्दलच्या अहवालात लोट्याचं इतकं कौतुक केलं की तो आमच्या शिक्षणाचा देव्हारा झाला. कुण्या एकाचा नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घडलेला. हेच वर्णन या खुर्चीला लावायचं मात्र आम्हाला कुणी सुचवलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

आता तुमचा पुढचा प्रश्न, जो विद्यार्थी हमखास विचारतात: मग आईसाठी चांगली लाकडी खुर्ची का नाही केली?

केली. २०१७ मध्येच. हात दिले, बैठक ४५ ला नेली, उतार काढला. आई बसली, उठली, "छान आहे" म्हणाली. आठवड्याने ती खुर्ची भिंतीशी होती आणि आई पुन्हा मरून खुर्चीत. वजन पावणेसात किलो. बसण्यापुरती ठीक होती, पण आईची खुर्ची एका जागी नसतेच. सकाळी उन्हासाठी गॅलरीत. मग पाठीला धरून ढकलत ढकलत, वॉकरसारखी, स्वयंपाकघरात, भाजी निवडायला. मग आंघोळीला बाथरूममध्ये. दुपारी धुऊन पुन्हा गॅलरीत वाळत. हे मी रोज बघत होते. तरी चित्र काढताना माझ्या डोळ्यांसमोर एका जागी मांडलेली खुर्चीच होती.

हलकी लाकडी खुर्ची होत नाही असं नाही. इटालियन डिझायनर जिओ पाँतीची १९५७ ची 'सुपरलेज्जेरा' ॲश लाकडाची आहे आणि भरते १.७ किलो. पण तिला हात नाहीत, आणि ती कुणी साबणाच्या पाण्यात ठेवणार नाही.

मी या खुर्च्यांची वकील झालेय असंही समजू नका. ओल्या फरशीवर त्यांचे पाय फाकतात. आमच्याच सोसायटीत एक आजोबा असे पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आईच्या खुर्चीला मी चारही पायांना रबरी बूट बसवलेत, दर सहा महिन्यांनी बदलते. उन्हाने प्लास्टिक पांढुरकं पडतं, हाताला खडूसारखी पूड लागते, आणि एक दिवस पाय जिथे बैठकीला मिळतो तिथे तडा जातो. फेकलेल्या खुर्चीचं पुढे काय होतं ते मुठेच्या काठाने चालत गेलं की दिसतं. माझं सागवान शंभर वर्षं टिकेल हे खरं आहे, आणि त्यातल्या एका खुर्चीने माझ्या आईला अडीच तास अडकवून ठेवलं हेही खरं आहे. या दोन गोष्टी मला एकमेकींशेजारी ठेवता येतात, जुळवता येत नाहीत.

"प्लास्टिक दुरुस्त होत नाही" असं मी पूर्वी ठासून म्हणायचे. आमच्या वॉचमनकाकांनी तेवढं तरी खोटं पाडलं. आमची एक पांढरी खुर्ची तडकली तेव्हा मी ती खाली ठेवून आले. दोन दिवसांनी ते तीवरच बसलेले दिसले. तड्याच्या दोन्ही बाजूंना तापलेल्या खिळ्याने भोकं पाडून तारेने टाके घातले होते. सात टाके, एकसारख्या अंतरावर, आणि तारेची टोकं कपड्यात अडकू नयेत म्हणून आतल्या बाजूला दुमडलेली. मी त्यांना नवी खुर्ची आणून दिली आणि ती मागून घेतली. त्यांना त्याचं फार आश्चर्य वाटलं.

आणि ज्यांना ही खुर्ची म्हणजे सौंदर्याचा अपमान वाटतो, त्यांनी डॉन शोएनडॉर्फर हा माणूस काय करतो ते बघावं. अमेरिकन इंजिनियर. मोरोक्कोत एका बाईला हातांनी फरपटत रस्ता ओलांडताना त्याने पाहिलं होतं. बऱ्याच वर्षांनी त्याने हीच बागेतली प्लास्टिकची खुर्ची घेतली, सायकलची चाकं लावली आणि स्वस्तातली व्हीलचेअर केली. २००१ मध्ये पहिल्या काही खुर्च्या घेऊन तो भारतातच आला होता. त्याला नवी बैठक डिझाइन करता आली असती. तयार होती, सगळीकडे मिळत होती, म्हणून त्याने तीच घेतली. माझ्यात एवढं शहाणपण त्या वयात नव्हतं. आजही पुरतं आहे असं नाही, कारण मी अजून खुर्च्याच करतेय.

या वर्षी बांबू आणि वेताची एक केली. हातांची, ३.१ किलोची. फेब्रुवारीत घरी आणली. आई आता त्र्याऐंशीची आहे. तिने आधी पाठ धरून ती दोन फरश्या सरकवून बघितली. मग बसली, हातांवर भार दिला, उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"हात छान झालेत," म्हणाली. "बाथरूममध्ये चालेल?"

नाही म्हटलं. बांबू फुगेल, वेत कुजेल.

"मग राहू दे ही इथे," म्हणाली, आणि मरून खुर्ची घेऊन आंघोळीला गेली.

तर घरात चार आहेत. मरून दोन्ही आईच्या. पांढऱ्यांपैकी एक पाहुण्यांना. जिला तारेचे टाके आहेत तिच्यावर मी बसते, रात्री, चित्रं काढायला.