रामकुंडावरच्या वहीत पणजी शोधताना

आमच्याकडे वंशावळ होती. काकांनी ड्रॉइंगच्या कागदावर झाड काढून सात पिढ्या नीट लिहिल्या होत्या. त्यात एकही बाई नव्हती. कागद पाहून आत्या म्हणाली, "मग हे सगळे काय झाडालाच लागले होते?" त्या वाक्यानंतर आम्ही दोघी नाशिकला निघालो. तिचं वय ८३, गुडघे दुखतात, पण डोकं माझ्यापेक्षा शाबूत.

काढायचं होतं पणजीचं नाव. घरात "मोठी आई" एवढंच म्हणायचे.

नाशिकच्या रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. अस्थी, श्राद्ध किंवा यात्रेसाठी आलेला माणूस त्यांत आपलं गाव, घरातली नावं आणि येण्याचं कारण लिहून जातो. गावं आणि आडनावं उपाध्यायांत वाटलेली असतात, म्हणून पहिला प्रश्न "गाव कुठलं?" असाच येतो. नुसतं आडनाव सांगून काही हाती लागत नाही. मूळ गाव, जुना तालुका, कुळदैवत, देवक, आजोबा-पणजोबांची नावं कागदावर लिहून न्या. आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यातलं. कुंडावर तिसऱ्या गुरुजींनी सांगितलं, "ते गाव अमक्यांकडे, पंचवटीत वर जा."

आम्ही सकाळी नऊला पोचलो, ही चूक. सकाळी विधी चालू असतात, कुणालाच वेळ नसतो. दुपारी तीननंतर जा. पितृपक्ष आणि अमावास्या टाळा. आणि जायचंच असेल तर सिंहस्थाच्या आधी जा. ऑक्टोबर २०२६ अखेर ध्वजारोहण आहे, त्यानंतर २०२७ भर नाशिकात उभं राहायला जागा मिळणार नाही.

गुरुजींनी फडक्यात बांधलेली लांबट वही सोडली. अनुक्रमणिकेत गाव सापडलं, आणि पाचेक मिनिटांत ते थांबले: "हे घ्या, शके १८७८." म्हणजे १९५६, सिंहस्थाचं वर्ष. आजोबांचं अक्षर, बाळबोध, जरा उजवीकडे कललेलं. आत्याने चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. आजोबांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. एकीत "मातोश्री", पुढे एक नाव आणि "मयत". दुसरीत "सापत्न मातोश्री", पुढे दुसरं नाव.

मोठी आई ही दुसरी. आजोबांची जन्मदाती वेगळीच होती, आणि हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. घरात मात्र कधी बोलले नाहीत.

मागची पानं मोडी लिपीत होती. तिथे आमची गाडी अडली. मोडीत शिरोरेघ आधी आखून घेतात, मग हात न उचलता लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही. गुरुजींना गावाचं नाव आणि आकडे ओळखता येत होते, बाकी नाही. परवानगी घेऊन आम्ही पानाचे फोटो काढले. ओळीचा फोटो काढू नका, पूर्ण पान काढा. शेजारच्या नोंदीही त्यात येऊ द्या, कारण गावातली माणसं बहुधा एकत्र यायची आणि शेजाऱ्याच्या नोंदीतूनच तारीख पक्की होते. दक्षिणा आधी विचारण्यात काही कमीपणा नाही.

मोडी वाचणारा शोधणं हल्ली सोपं नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीमुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि वाचक मंडळींना उसंत राहिली नाही. आम्हाला मिळालेल्या बाईंनी एका संध्याकाळी पान वाचून दिलं. दोन शब्द लक्षात ठेवा: "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" म्हणजे अमक्याची बायको. शके सनात ७८ मिळवले की इंग्रजी साल येतं, पौषाच्या आसपासची तिथी असेल तर ७९. फसली सन (जुन्या महसुली कागदांतलं साल) दिसला तर ५९० मिळवा.

पान होतं शके १८४० च्या मार्गशीर्षातलं. पणजोबा एकटे आले होते, बायकोच्या अस्थी घेऊन. १९१८ चा डिसेंबर. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ नुकतीच ओसरली होती. आजोबा तेव्हा दोन वर्षांचे.

पुढची खेप तालुक्याला, कोतवाल बुकासाठी. गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात असतात, गाव नमुना १४. एरवी जातीच्या दाखल्यासाठी लोक ते धुंडाळतात, पण पणजी शोधायलाही तेच कामाला येतं. अर्ज करताना गाव आणि साल नेमकं लिहा, "सर्व नोंदी" मागितल्या तर काम पुढे सरकत नाही. पहिल्या वेळी आम्हाला "तो गठ्ठा नाही" असं सांगून परत पाठवलं. पंधरा दिवसांनी तोच गठ्ठा त्याच कपाटात होता. यावर मी जास्त बोलत नाही. त्याआधी घरबसल्या "आपले अभिलेख" पोर्टल पाहून घ्या; काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार तिथे स्कॅन करून ठेवलेत. वारस लागल्याच्या फेरफारात विधवा आणि मुली निघतात.

१९१८ च्या ऑक्टोबरची पानं उलटताना माझा हात थांबला. एरवी महिन्याला चार-दोन मृत्यू, इथे पानामागून पान. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. पणजीची ओळ त्यातच: वय वीस, नवऱ्याचं नाव, आणि तिचं नाव वहीत होतं तेच. माहेर कुठेच नाही.

तिचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ते पानासकट टाकलं, आणि काकांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मोठ्या आईने त्यांना मांडीवर वाढवलं होतं. सावत्र हा शब्द त्यांना फोनच्या पडद्यावर वाचायला लागला, ही माझी चूक. असलं काही सापडलं तर आधी घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाजवळ जाऊन बसा, चहा घ्या, मग सांगा. काका आता झाड नव्याने काढताहेत. कागद मोठा आणलाय.

मागच्या महिन्यात पुन्हा नाशिकला गेलो, आमची नोंद करायला. आधीच्या खेपेला नावांची यादीच नेली नव्हती, तुम्ही ती चूक करू नका. सुना, मुली, मुलींची मुलं, सगळी लिहून न्या. गुरुजींनी पेन पुढे केलं. आत्या लिहायला वाकली, तर ते म्हणाले, "आत्याबाई, आपली नोंद सासरच्या गावाच्या वहीत. ती आमच्याकडे नाही."

"मग कुणाकडे आहे?"

दोन गल्ल्या पलीकडे. तिथले गुरुजी जेवायला बसले होते. आत्या म्हणाली, "थांबू की," आणि गुडघा धरून पायरीवर बसली.