काकूंच्या इमारतीतला रेकॉर्डर

विश्रामबागेतल्या काकूंचा फोन आला तेव्हा तक्रार कॅमेऱ्याची नव्हतीच. "अगं, क्लासच्या सरांच्या कॉम्प्युटरवर सीएंच्या लोकांची पॅनकार्डं दिसतायत म्हणे. जरा येऊन बघ ना."

काकूंची इमारत सांगलीतल्या इतर शंभर इमारतींसारखीच. तळाला पार्किंग, पहिल्या मजल्यावर डॉक्टर मॅडमचा दातांचा दवाखाना आणि समोर सीएंचं ऑफिस, दुसऱ्यावर दहावी-बारावीचा क्लास, सगळ्यात वर काकू. पार्किंगमधून एक मोपेड चोरीला गेली आणि तेव्हापासून गेट, जिना, पार्किंग सगळ्याच भाडेकरूंना दिसायला हवं होतं. काकूंनी बारा कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारा एक रेकॉर्डर, म्हणजे एनव्हीआर, बसवून घेतला. बसवणाऱ्याने प्रत्येक भाडेकरूच्या राऊटरमधून एकेक वायर खाली ओढली आणि जिन्याखालच्या पेटीत एकाच स्विचमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकमेकींना जोडणाऱ्या डब्यात, सगळ्या खोचल्या. कॅमेरे सगळीकडे दिसायला लागले, पैसे घेऊन तो गेला.

पेटी उघडली तर आठ पोर्टचा, म्हणजे वायर खोचायच्या आठ खाचांचा, साधा स्विच, लेबल नसलेल्या निळ्या वायरी. मी वर जाऊन तिन्ही राऊटर बघितले. तिघांचंही ब्रॉडबँड वेगळं, बिलं वेगळी, पण राऊटरचा पत्ता तिन्हीकडे एकच: १९२.१६८.१.१. डब्यातून निघाले तसे लावलेले. आता क्लासमधला कॉम्प्युटर सकाळी सुरू झाला की "मला पत्ता द्या" अशी हाक मारतो. ती हाक त्या स्विचमधून तिन्ही राऊटरपर्यंत जाते, आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता तो घेतो. म्हणजे क्लासचं नेट कधी सीएंच्या लाइनवरून चालायचं, कधी दवाखान्याच्या. मॅडम म्हणाल्या, "अकरा वाजले की आमचं बिलिंग अडकतंच." सीएंनी ऑफिसमधल्या मुलांसाठी एक फोल्डर पासवर्ड न लावता शेअर केला होता. त्यांच्या दाराच्या आत ते ठीक वाटलं असेल. पण त्या स्विचने दारच काढून टाकलं होतं. लोकांचे रिटर्न, बँकेचे उतारे, सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवर उघडत होतं. सरांनी ते बघून गप्प न बसता सांगितलं, याचं मला फार बरं वाटलं.

त्या दिवशी तिन्ही वायरी उपटून ठेवल्या. आठवडाभर कॅमेरे फक्त काकूंना दिसले, आणि त्यावरून ऐकूनही घेतलं.

इमारतीचं इंटरनेट एकच असतं तर मॅनेज्ड स्विच (सेटिंग बदलता येणारा) घेऊन प्रत्येकाचं व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवरचं स्वतंत्र नेटवर्क, वेगळं केलं असतं. इथे प्रत्येकाचा राऊटर स्वतःचा, त्यात मी कायम हात घालणं बरोबर नाही. म्हणून मधे मायक्रोटिक कंपनीचा पाच पोर्टचा छोटा राऊटर टाकला. पहिल्या पोर्टवर काकूंचं इंटरनेट, दोन-तीन-चारवर भाडेकरू, पाचव्यावर कॅमेऱ्यांना एकाच वायरीतून वीज आणि नेटवर्क देणारा पीओई स्विच आणि एनव्हीआर. नवीन मशीनमध्ये दोन ते पाच हे पोर्ट ब्रिजमध्ये, म्हणजे एकाच नेटवर्कमध्ये, एकत्र बांधलेले असतात. ते आधी सोडवावे लागतात, नाहीतर जुन्या स्विचचीच महागडी आवृत्ती भिंतीवर लागते.

तीन बाजूंना एकच पत्त्यांची मालिका असेल तर मधला राऊटर उत्तर कुणाकडे पाठवणार? म्हणून एका रविवारी दवाखान्याला १९२.१६८.११, सीएंना १२ आणि क्लासला १३ अशा मालिका दिल्या. सगळा दिवस गेला तो सीएंच्या प्रिंटरपायी. त्याचा पत्ता हाताने घातलेला होता आणि चार कॉम्प्युटरवर तो जुन्याच पत्त्याने जोडलेला. माझ्याबरोबरच्या ओंकारने एकेका टेबलाखाली बसून बदलला.

आता रचना अशी आहे. मधल्या राऊटरला प्रत्येक भाडेकरूच्या नेटवर्कमध्ये एक पत्ता आहे, शेवटी २५०. दवाखान्यातून ११.२५० वर कॅमेरा मागितला की राऊटर ती मागणी एनव्हीआरकडे वळवतो. फक्त दोन दारं उघडी: व्हिडिओचं ५५४ आणि ॲपचं एक. बाकी सगळं बंद. एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे काहीच जात नाही. एनव्हीआर विचारल्यावर उत्तर देतो, पण स्वतःहून कुणाच्या ऑफिसात शिरू शकत नाही. राऊटरचं सेटिंग पानही भाडेकरूंच्या बाजूने उघडत नाही. हा नियम बरेच जण विसरतात.

एनव्हीआरला मी इंटरनेट दिलेलंच नाही. क्लाउडचा पर्याय बंद, यूपीएनपी (यंत्राला आपणहून राऊटरमध्ये बाहेरची वाट उघडू देणारी सोय) बंद. घड्याळ मधल्या राऊटरकडून मिळतं, कारण फुटेजवरची वेळ दहा मिनिटं चुकली की पोलिसांसमोर पंचाईत होते.

सीए साहेब म्हणाले, "ताई, मला घरून बघायचंय. पोर्ट फॉरवर्ड करून टाका ना, पाच मिनिटांचं काम." पोर्ट फॉरवर्ड म्हणजे इंटरनेटवरून थेट रेकॉर्डरपर्यंत दार उघडणं. काम पाच मिनिटांचंच आहे, पण मी करत नाही. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामने असेच इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर कंपनीचे मूळ पासवर्ड वापरून ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांची फौज साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर सोडली. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास नीट उघडत नव्हत्या. त्या फौजेत कुणाच्यातरी जिन्याखालचे रेकॉर्डरच होते, आणि मालकांना पत्ताही नव्हता. मी काकूंच्या लाइनवर स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेटचा पत्ता, घ्यायला लावला आणि वायरगार्ड, म्हणजे बाहेरून आत यायचा कुलूपबंद बोगदा, बसवलं. प्रत्येक फोनची किल्ली वेगळी, आणि त्या किल्लीने फक्त एनव्हीआर उघडतो.

वायरींपेक्षा जास्त वेळ बोलण्यात गेला. कुणी काय बघायचं? पहिल्या मजल्यावरचा कॅमेरा नेमका दवाखान्याच्या दारावर रोखलेला होता. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझे पेशंट गालाला हात लावून, रडवेले होऊन बाहेर येतात. ते वरच्या मुलांनी का बघायचं?" त्यांचं शंभर टक्के खरं होतं. कॅमेरा जिन्याकडे वळवला, दाराचा जो कोपरा उरला तो सेटिंगमधून काळा केला. तिघांना तीन वेगळी अकाउंट दिली. गेट, पार्किंग आणि जिना एवढेच दिसतात. मागचं बघता येतं, उतरवून घेता येत नाही. फुटेज द्यायचं तर काकू देतील, आणि वहीत कुणाला, कधी, कशासाठी ते लिहितील. ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात, काकूंच्या कपाटात. दर कॅमेऱ्याला २ एमबीपीएस धरून ८ टीबीच्या डिस्कवर बारा कॅमेऱ्यांचं जेमतेम ३० दिवसांचं मावतं. तेवढं पुरे.

शेवटी मी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर बसले आणि सीएंच्या प्रिंटरला पिंग केलं, म्हणजे "आहेस का?" अशी हाक मारली. काळ्या खिडकीत एकेक ओळ येत गेली: रिक्वेस्ट टाइम्ड आऊट, म्हणजे उत्तरच नाही. चार वेळा. मॅडम घाबरून म्हणाल्या, "बिघडलं का गं?" मी म्हटलं, "नाही मॅडम, हेच हवं होतं." मग ११.२५० उघडलं. पार्किंग दिसलं, खांबाशी त्यांची पांढरी स्कूटर, सीटवर मांजर झोपलेलं.

मे महिन्याच्या शेवटी क्लास मोठ्या जागेत गेला. काकूंनी मला बोलावलं. मी चौथा पोर्ट बंद केला, सरांचं अकाउंट काढलं, त्यांच्या दोन फोनच्या किल्ल्या रद्द केल्या, पासवर्ड बदलून नवं पाकीट चिकटवलं. वहीत तारीख घातली, आणि काकूंनी चष्मा लावून खाली सही केली.