तीन चाकांवर ऑफिसला

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला येऊन मला चार वर्षं झाली. त्यातली पहिली दोन वर्षं मी बसने ऑफिसला जात होते. ऑफिस शेजारच्या फेल्डहोवनमध्ये, घरापासून साडेसहा किलोमीटरवर. आमच्या टीममधले बहुतेक सगळे सायकलने येतात, पावसातसुद्धा. "तू का येत नाहीस?" असं कुणी विचारलं की मी थंडीचं कारण सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. मला दोन चाकांची सायकल चालवता येत नाही. सांगलीत बाबांनी दोन उन्हाळी सुट्ट्या कॅरिअर धरून माझ्यामागे धावण्यात घालवल्या. त्यांनी हात सोडला की मी पडायचे. लेझमीच्या पथकातून मला दुसऱ्याच दिवशी बाहेर बसवलं होतं. घरीदारी सगळे मला वेंधळी म्हणायचे आणि मीही ते खरं मानून चालले होते.

इथे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे गेले ते मनगटाच्या दुखण्यासाठी. तिने बारकाईने प्रश्न विचारले, तपासण्या करायला पाठवलं आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी मला कळलं की याला नाव आहे. डीसीडी, म्हणजेच डिस्प्रॅक्सिया. हातपाय धडधाकट असतात, पण त्यांच्या हालचालींचा मेळ आपोआप बसत नाही. पायडल मारणं, तोल सांभाळणं, मागे वळून बघणं आणि हात दाखवणं ही कामं इतरांना एकत्र जमतात. मला त्यातलं एकेक काम ठरवून करावं लागतं. थेरपिस्ट म्हणाली, तोलाचं काम काढून टाक, बाकीचं जमेल. म्हणजे तीन चाकं. डच भाषेत द्रीव्हीलर.

आईला फोनवर सांगितलं तर ती एकदम गप्प झाली. आपल्याकडे मोठ्या माणसाची तीनचाकी म्हटलं की शिबिरात वाटलेली, हाताने दांडा फिरवून चालवायची सायकल डोळ्यांसमोर येते. इथे रस्त्यावर तीनचाकीवर आजीआजोबा दिसतात, पक्षाघातातून उठलेली माणसं दिसतात, तरुण मुलंही दिसतात. कुणी वळून बघत नाही.

पहिली खरेदी मात्र चुकली. चांगल्या कंपनीची नवी तीनचाकी काही हजार युरोंना पडते, म्हणून मी एका ऑनलाइन दुकानातून जेमतेम चारशे युरोंची मागवली. मागे मोठी टोपली, उंच सीट, दिसायला छान. पहिल्याच वळणावर आतल्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं आणि माझा श्वास अडकला. वेग फार नव्हता, पण तीनचाकी वळणात झुकत नाही. सीट जितकी उंच, तितकी ती बाहेरच्या बाजूला कलंडायला बघते. वळायच्या आधी वेग कमी करायचा आणि अंग आतल्या बाजूला टाकायचं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी अडचण अशी की पायडलचा जोर मागच्या एकाच चाकाला जायचा, त्यामुळे निघताना सायकल एका बाजूला ओढायची. रस्ता कडेला किंचित उतरता असतो, तिथे ती सारखी उजवीकडे घसरायची. हॅंडल सतत डावीकडे धरून ठेवताना खांदे भरून यायचे. महिन्याभरात मी ती विकली.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूने होती. वर्षानुवर्षं दोनचाकी चालवलेल्या माणसाला तीनचाकी सुरुवातीला विचित्र वाटते, कारण तो सवयीने झुकून वळायला जातो. मला मोडायला सवयच नव्हती.

मग मी जुन्या सायकली बघायला लागले. मार्क्टप्लाट्स ही इथली जुन्या वस्तूंची साइट, तिथे चांगल्या तीनचाकी येत राहतात, कारण एखाद्या आजोबांचं चालवणं थांबतं आणि घरचे ती विकायला काढतात. हेल्मंडजवळच्या एका गावात एका बाईंनी वडिलांची सायकल नऊशे युरोंना लावली होती. मी अर्धा तास पार्किंगच्या जागेत फेऱ्या मारल्या. सीट खाली होती, पाठ टेकता येत होती, वळणावर तिन्ही चाकं जमिनीवर राहत होती. मागच्या दोन्ही चाकांना जोर मिळत होता. गिअर चाकाच्या तुंब्यातले, म्हणजे सिग्नलला उभं असतानाही बदलता येतात. चालता चालता गिअर बदलण्याची घाई नाही, हे माझ्यासाठी फार मोलाचं आहे. उभी करताना लावायचा ब्रेक होता. डावीकडे आरसा मी नंतर बसवला, कारण मान मागे वळवली की माझे हातही त्याच बाजूला वळतात.

एक चूक अजून सांगते. इथल्या नगरपालिका, म्हणजे खेमेन्टे, डब्ल्यूएमओ नावाच्या कायद्याखाली गरज असलेल्याला अशी सायकल देऊ शकतात. अर्ज केला की माणूस घरी येऊन बोलतो. त्या भेटीला नावच 'स्वयंपाकघराच्या टेबलावरची गप्पा' असं आहे. पण आधी स्वतः विकत घेतली की नंतर पैसे मिळणं कठीण. मी घेऊन मोकळी झाले होते. इथे राहणाऱ्या कुणाला गरज असेल तर आधी खेमेन्टेला विचारा.

आता रोज होव्हनरिंगवरून जाते. २०१२ साली खुला झालेला हा सायकलींचा गोल पूल ७० मीटर उंच खांबाला तारांनी टांगलेला आहे. खालचा मोटारींचा रस्ता दीड मीटर खोल नेलाय, म्हणून सायकलवाल्यांना चढ सौम्य पडतो. तीसेक किलोची सायकल ओढताना मला तो दीड मीटर रोज जाणवतो. जपायचं ते सायकलमार्गाच्या तोंडाशी रोवलेल्या खुंट्यांना. पुढचं चाक आरामात निघून जातं आणि मागचं आपटतं, कारण सायकल मागे माझ्याहून रुंद आहे. पहिल्या आठवड्यात दोनदा आपटली. माझी सायकल ७८ सेंटिमीटर आहे. ७५ च्या वर रुंदी असलेल्या तीनचाकीला इथल्या नियमाप्रमाणे मोटारींच्या रस्त्यावरूनही जाता येतं, त्यामुळे अडचणीच्या जागी मी निर्धास्त रस्त्यावर उतरते.

डावीकडे वळताना हात दाखवला आणि काहीच झालं नाही, त्या दिवशी मी ऑफिसला पोचून आधी बाबांना फोन केला.

मिरजेला मामेबहिणीचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याचंही माझ्यासारखंच. ती ऑनलाइन सायकली बघून मला फोटो पाठवते आहे, सगळ्या उंच सीटच्या. तिला म्हटलं, अजून काही घेऊ नकोस. आधी फाटक मोज, मग जिथे चालवून बघता येईल अशा ठिकाणी त्याला ने आणि वळण घ्यायला लाव. काल तिने कळवलं, फाटक ८४ सेंटिमीटर आहे.