तुम्ही विचारलंत म्हणून: मोगली एरंडाला पाणी लागतं का?

जट्रोफावर, म्हणजे बियांच्या तेलासाठी लावतात त्या मोगली एरंडावर काम करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "त्याला पाणी लागत नाही ना?" जगायला फारसं लागत नाही. बी धरायला लागतं.

वर्षाला २५०-३०० मिलिमीटर पावसावर हे झाड तग धरतं. फुलून फळं धरायला निदान ६०० मिलिमीटर हवेत, आणि भरघोस बी हवं तर १००० च्या पुढे. पाण्याचा ताण पडला की ते आधी पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटून घेतं, मग पानंच टाकतं आणि मांसल खोडातल्या पाण्यावर दिवस काढतं. पण रंध्रं मिटली की कर्बवायू आत येत नाही. पानंच नसतील तर अन्न कुठून बनणार, आणि बियांत तेल कशाचं भरणार?

शेतकऱ्यांपुढे व्याख्यान दिलं, तेव्हाही हे मला माहीत होतं. आमच्या प्रयोगात रोज कुंड्यांचं वजन करून, घटलं तेवढंच पाणी घालायचो. एका गटात वाफशाचा, म्हणजे जादा पाणी निथळल्यावर मातीत उरतो तो, पूर्ण ओलावा राखलेला, एकात निम्मा, एकात पाव. पाव ओलाव्यातली रोपं खुजी राहिली, पानं मोजकी, पण मेलं एकही नाही. व्याख्यानात मी हेच ठासून सांगितलं. वाढ किती खुंटली, ते घाईघाईत उरकलं.

ऐकणाऱ्यांत एक शेतकरी होते. तीन वर्षांनी त्यांचा फोन आला, "मॅडम, एकदा येऊन बघून जा." दोन एकर मुरमाड जमीन, ओळीने उभी बिनपानांची झाडं. त्यांनी एका खोडाची साल नखाने खरवडली. आत हिरवं होतं. "जिवंत आहे. तुमचं खोटं नव्हतं," म्हणाले. मग घरातून गोणी आणली. तळाशी चार ओंजळी बी, त्यातलं निम्मं पोचट. मूठभर माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "तीन वर्षांचं." आवाज चढला नाही. चढला असता तर मला काही बोलता तरी आलं असतं. परतताना मी स्वतःला बजावत होते: उत्पन्नाचा शब्द मी दिलाच नव्हता. खरंच दिला नव्हता. त्याबद्दल गप्प राहिले, हीच माझी चूक.

"मग पाणी द्या असं सांगा ना!" पण किती? पाणी साचलं तर याची मुळं गुदमरतात. कुंडीतल्या रोपाचा हिशेब खोल मुळांच्या झाडाला जसाच्या तसा लावता येत नाही. फुलोऱ्याच्या वेळी एखादं संरक्षित पाणी, म्हणजे पावसाची उणीव भरण्यापुरतं, मिळालं तर फरक पडावा, असं मला वाटतं. पण पाणी असेल तर ते धान्याला का देऊ नये? पूर्वीची मी म्हणायची, उघड्या माळावर दुसरं येतंय काय? तिचं म्हणणं मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही. फक्त तगून राहण्याला पीक म्हणायला मी आता तयार नाही.

त्या शेतकऱ्यांनी झाडं उपटलेली नाहीत. परवा विचारत होते, फुलोऱ्याआधी एक पाणी देऊ का? मी विचारलं, विहिरीत किती आहे?