पेनड्राइव्ह घेऊन लॅमिंग्टन रोडला

आज भाचीच्या लॅपटॉपसाठी मुंबईतला लॅमिंग्टन रोड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, पालथा घातला. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दुकानदाराने आधी कीबोर्डचे रंगीत दिवे दाखवले. (यांना वाटतं प्रत्येक पोर गेमच खेळतं.) मी विचारलं, रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे की स्लॉट आहे? तेव्हा कुठे आतून जुना थिंकपॅड निघाला. रॅम 16 जीबी आणि वाढवायला एक स्लॉट रिकामा.

खिशात उबंटू 24.04 चा (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार) पेनड्राइव्ह होताच. काही इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन सुरू केलं. वायफायने लगेच नेटवर्क शोधलं, स्पीकर वाजला. झाकण बंद करून उघडलं तर स्क्रीन मुकाट्याने परत आली. लिनक्सवर घोडं अडतं ते बहुतेक इथेच, नाहीतर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरपाशी.

"मामा, पण सगळे मॅकबुक घेतात!"

घेऊ देत. मशीन झकासच आहे, पण त्यात रॅम नंतर वाढवता येत नाही आणि बजेट आपलं. मेकॅनिकलला असती तर मीच विंडोज घे म्हटलं असतं, कारण सॉलिडवर्क्स हे त्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही. हिला पायथन, गिट, डॉकर ही प्रोग्रामिंगची साधनं, एवढंच लागतं. विंडोज ठेवायचंच असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) आहे, त्यातही लिनक्सचं बरंचसं काम भागतं.

बाईसाहेबांनी विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचं ठरवलंय. बॅटरी मात्र दमलेली आहे. दुकानदार नवी बसवून देतो म्हणालाय, भावाची घासाघीस उद्या.